बिडोंगचा किनारा आणि पुढचे दार

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर आम्ही चार-पाच जण नेहमीप्रमाणे मशिदीसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. कुणीतरी मोबाइलवर रोहिंग्यांच्या नावेचा एक फोटो दाखवला. आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा शब्द सहसा कुणी खोडत नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही इतिहासावर लिहिता ना, मग सांगा. सत्तावन्न मुस्लीम देशांची एवढी मोठी संघटना आहे. एकालाही या लोकांना नीट ठेवून घेता येऊ नये? आणि तेच व्हिएतनामी नावेतून निघाले, तर सगळ्या गोऱ्या देशांनी त्यांना उचलून नेलं!"

मी तेव्हा गप्प राहिलो. मास्तरांना उलट बोलायचे नाही म्हणून नव्हे, तर त्यांची दोन्ही वाक्ये अर्धी-अर्धी खरी होती आणि राहिलेला अर्धा भाग एका कप चहात मावणारा नव्हता. तो इथे लिहितो आहे.

'उचलून नेलं' यापासूनच सुरुवात करू.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. अमेरिकेने आपल्या बाजूने लढलेल्या, आपल्या कचेऱ्यांत राबलेल्या आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या अशा सुमारे सव्वा लाख लोकांना देशात घेतले. ग्वाम बेटावरून त्यांची रवानगी मुख्यतः चार लष्करी तळांवर झाली. तिथून बाहेर पडायचे तर स्पॉन्सर हवा. एखादे चर्च, एखादे कुटुंब, एखादा मालक. सरकारचे धोरण असे होते की हे लोक एका जागी साठू नयेत, पन्नासही राज्यांत पांगावेत, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाहीत. त्या सुमाराच्या गॅलप चाचणीत ५४ टक्के अमेरिकनांनी या लोकांना घेण्यास विरोध दर्शवला होता, बाजूने होते ३६ टक्के. तेव्हा 'उचलून नेलं' हे सरकारने केले, जनतेचा कौल तसा नव्हता. पांगवण्याचे ते धोरणही फार टिकले नाही. काही वर्षांत लोकांनी आपापले चंबूगबाळे आवरून कॅलिफोर्निया आणि टेक्सास गाठले. जिथे आपली भाषा ऐकू येते, आपले जेवण मिळते, तिथे माणूस जातोच. ऑरेंज काउंटीतले 'लिटल सायगॉन' सरकारी आराखड्यात नव्हते, ते असे उभे राहिले.

मास्तरांच्या मनात ज्या नावा होत्या त्या मात्र याच्यानंतरच्या, १९७८-७९ च्या. त्यांची गोष्ट वेगळी आहे.

मार्च १९७८ मध्ये व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. सायगॉनला लागून असलेली चोलोन ही चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांची पेठ. दुकाने सील झाली, मालाची मोजदाद झाली. त्याच वेळी चीनशी संबंध बिघडत होते आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये प्रत्यक्ष युद्धच झाले. देशातल्या चिनी वंशाच्या माणसांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना अचानक 'तुम्ही नेमके कुणाचे?' असे विचारले जाणे म्हणजे काय, हे मी या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. मग निघणे सुरू झाले. त्यात एक विचित्र प्रकार होता. पळून जाणे गुन्हा होता, पण सोने दिले तर अधिकारीच नाव सुटू देत. सगळे चिनी वंशाचे नव्हते. जुन्या राजवटीतले सैनिक होते, पुनर्शिक्षण छावण्यांतून सुटलेले होते, कॅथलिक होते, साधे कोळी होते. नदीत आणि किनाऱ्याजवळ चालवायच्या लाकडी होड्या खुल्या समुद्रात निघाल्या. थायलंडच्या आखातात चाचे होते. किती बुडाले याचा हिशेब कुणाकडेच नाही.

समुद्र आणि वारा त्यांना ज्या किनाऱ्यांवर नेत, त्यातला एक मोठा किनारा मलेशियाचा होता. म्हणजे मास्तरांच्या त्या सत्तावन्नांपैकी एकाचा.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू हे राज्य आहे. मलय मुस्लीम कोळ्यांची गावे, नारळी, मशिदी. आपल्या कोकणपट्टीतला माणूस तिथे गेला तर त्याला फार परके वाटू नये. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पुलाउ बिडोंग नावाचे बेट आहे. पुलाउ म्हणजे बेटच. जेमतेम एक चौरस किलोमीटरचे, तोवर निर्मनुष्य. ऑगस्ट १९७८ मध्ये मलेशियाने तिथे निर्वासितांची छावणी उघडली. जून १९७९ मध्ये त्या बेटावर चाळीस हजारांच्या आसपास माणसे होती. झाडे तोडून आणि मोडक्या होड्यांच्या फळ्या जोडून त्यांनी झोपड्या रचल्या, त्यावर निळी प्लास्टिके घातली. विहिरी खणल्या, त्यांचे पाणी खराब झाले, मग पाणी मुख्य भूमीवरून आणावे लागे. अन्नवाटपाचे आणि दवाखान्याचे बरेचसे काम मलेशियाच्या रेड क्रेसेंट सोसायटीकडे होते. बेटावर चर्च उभे राहिले, बौद्ध मंदिर उभे राहिले, न्हाव्यांची आणि शिंप्यांची दुकाने लागली.

म्हणजे मलेशियाने ठेवून घेतले. पण याच महिन्यांत मलेशियाचे नौदल दुसऱ्या होड्यांना दोर बांधून परत खोल समुद्रात नेऊन सोडत होते. हजारो माणसे अशी परतवली गेली. नोव्हेंबर १९७८ मध्ये तेरेंगानूच्या किनाऱ्याजवळ उतरू न दिलेली एक होडी उलटली आणि दोनशेच्या आसपास लोक बुडाले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी दगड मारले, काही ठिकाणी त्याच गावकऱ्यांनी भात आणून दिला. जून १९७९ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी 'दिसताच गोळी घालू' असे म्हटल्याची बातमी जगभर छापली गेली. नंतर खुलासा झाला की शब्द 'गोळी घालू' नव्हे, 'हुसकावून लावू' असा होता. इंग्रजीत त्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. पंतप्रधान हुसेन ओन यांना असे कोणतेही धोरण नसल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवावे लागले.

मलेशिया इतका का घाबरला होता? याचे उत्तर धर्मात शोधले तर निम्मेच हाती लागते. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात भीषण दंगल झाली होती. त्यानंतरचे सगळे राजकारण, नोकऱ्यांतले वाटे, जमिनीचे वाटे, या दोन समाजांच्या संख्येच्या तोलावर उभे होते. आणि आता होड्यांतून उतरत होते ते बहुतांशी चिनी वंशाचे लोक. तेही देशातल्या सर्वात गरीब, सर्वात मलय असलेल्या किनाऱ्यावर. छावणीसाठी होणाऱ्या खरेदीने बाजार महागला अशी गावकऱ्यांची तक्रार होती. मलेशियाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सहीही केलेली नव्हती. आजही नाही. (आपण भारतीयांनी फार ताठ मानेने हे वाचू नये. आपणही केलेली नाही.) म्हणून मलेशियाची भूमिका पहिल्यापासून एकच होती. हे आमचे निर्वासित नाहीत, हे वाटसरू आहेत. यांना पुढे नेणारा कुणी असेल तर तोवर थांबू देऊ.

ही भूमिका नोव्हेंबर १९७८ मध्ये पहिल्यांदा जगाच्या डोळ्यांवर आली. 'हाय होंग' नावाचे एक जुने मालवाहू जहाज सुमारे अडीच हजार माणसे घेऊन पोर्ट क्लांगजवळ उभे राहिले. मलेशियाने उतरू देण्यास नकार दिला. यांनी सोने मोजून जहाज भरले आहे, हे कसले निर्वासित, असा त्यांचा सवाल होता. जणू जीव वाचवायला तिकीट काढले की माणसाचा जीव वाचवण्यालायक राहत नाही. जहाजावर अन्न संपत आलेले, रोगराई सुरू झालेली, आणि किनारा दिसत असलेला. मग एकेक देश पुढे आला. कॅनडाने सहाशे घेतले. पश्चिम जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी या एका राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी हजार माणसे मागून घेतली. (युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन या त्यांच्या कन्या.) फ्रान्स आणि अमेरिका यांनीही वाटा उचलला. लोकांना जहाजावरून थेट विमानतळावर नेऊन रवाना केले गेले. म्हणजे दुसऱ्या देशाने 'पुढे आम्ही नेतो' असे लेखी म्हटल्यावरच मलेशियाची जमीन त्यांच्या पायाला लागली.

पुढच्या सहा महिन्यांत हेच सूत्र साऱ्या प्रदेशाने स्वीकारले. एकट्या जून १९७९ मध्ये चौपन्न हजार लोक होड्यांतून आले. महिनाअखेरीस मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, सिंगापूर आणि फिलिपिन्स या पाच देशांनी एकत्र जाहीर केले की आता एकही नवा माणूस घेणार नाही. पाचांत दोन मुस्लीम बहुसंख्य, एक बौद्ध, एक कॅथलिक आणि एक बहुसंख्य चिनी. भाषा सगळ्यांची एक.

त्यावर उपाय म्हणून २० आणि २१ जुलै १९७९ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. पासष्ट सरकारे आली. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी आधीच महिन्याला सात हजारांऐवजी चौदा हजार लोक घेण्याची घोषणा केली होती. परिषदेत सगळ्या देशांनी मिळून दिलेल्या जागा १,२५,००० वरून २,६०,००० वर गेल्या. अमेरिकेचे उपाध्यक्ष मॉन्डेल यांनी भाषणात १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण काढली. तिथे ज्यूंसाठी जग जमले होते आणि बहुतेक सगळ्यांनी हात वर केले होते. जिनिव्हात सौदा ठरला. किनाऱ्यावरचे देश माणसांना उतरू देतील, लांबचे देश त्यांना नेतील, आणि ज्या लांबच्या देशांना वेळ हवा त्यांच्यासाठी इंडोनेशिया आणि फिलिपिन्स मधल्या छावण्या चालवतील. जुलै १९७९ ते जुलै १९८२ या तीन वर्षांत वीसहून अधिक देशांनी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाचे मिळून सहा लाखांवर निर्वासित नेले. इतक्या थोड्या काळात इतक्या माणसांना सरकारांनी ठरवून नवी घरे दिल्याची उदाहरणे फार नाहीत.

या सौद्यात आणखी एक कलम होते, त्याचा उल्लेख गौरवपर लेखांत सहसा येत नाही. व्हिएतनामने 'बेकायदा' प्रस्थान काही काळ थांबवण्याचे मान्य केले. म्हणजे ज्या राजवटीपासून लोक पळत होते तिलाच जगाने सांगितले की यांना जरा अडवा. सनदशीर मार्गाने निघण्याची एक योजना मे १९७९ मध्येच ठरली होती, पण ती सुरुवातीला मुंगीच्या पावलांनी चालली. होड्यांची संख्या झपाट्याने घसरली, आणि जिनिव्हा यशस्वी झाल्याचे सांगताना हा घसरलेला आकडा पुढे केला गेला. त्या आकड्यात किनाऱ्यावर पकडून तुरुंगात घातलेले किती, हे कुणी विचारले नाही. मला या जागी दर वेळी अडखळायला होते. सहा लाख माणसांना घर देणारा करार आणि मागे राहिलेल्यांचा दरवाजा लावून घेणारा करार हा एकच कागद होता.

आता कॅनडाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मास्तरांच्या 'गोऱ्या देशांनी' या शब्दाचे खरे उत्तर तिथे आहे.

कॅनडाचा नवा स्थलांतर कायदा एप्रिल १९७८ मध्ये अमलात आला. त्यात एक छोटी तरतूद होती. कोणतेही पाच प्रौढ नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र येऊन, किंवा एखादी नोंदणीकृत संस्था, एका निर्वासित कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलू शकतात. घर, अन्न, कपडे, मुलांची शाळा, सगळे. सरकारने तपासणी करायची आणि व्हिसा द्यायचा. ही तरतूद पहिले वर्षभर जवळपास पडूनच होती. मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने सरकारशी पहिला करार केला. विशेष म्हणजे हे स्वतः एकेकाळी रशियातून परागंदा झालेले लोक.

मग २४ जून १९७९ ला टोरांटोत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हॉवर्ड ॲडेलमन यांच्या घरी एक बैठक झाली. शेजारपाजारचे आणि चर्च-सिनेगॉगचे लोक जमले होते. हेतू एवढाच की आपल्या भागाचे खासदार आणि स्थलांतर खात्याचे मंत्री रॉन ॲटकी यांना एक खरमरीत पत्र लिहायचे, की सरकार काही करत नाही. त्या बैठकीला खात्याचे दोन अधिकारी न सांगता येऊन बसले. त्यांनी सांगितले की पत्र लिहिण्यापेक्षा तुम्हीच एखादे कुटुंब का आणत नाही, कायद्यात सोय आहे. जमलेल्यांना ती ठाऊकच नव्हती. त्या खोलीतून 'ऑपरेशन लाइफलाइन' सुरू झाले आणि काही आठवड्यांत त्याच्या शाखा देशभर पसरल्या. ओटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी त्याच सुमारास 'आमचे शहर चार हजार लोक घेईल' म्हणून मोहीम काढली. आपल्याकडे सरकारी अधिकारी नागरिकांच्या बैठकीला न सांगता येऊन बसला तर पुढे काय होते ते आपण जाणतो. म्हणून मला हा प्रसंग फार आवडतो.

दुसरा प्रसंग मंत्र्यांच्या कचेरीतला. आयर्व्हिंग अबेला आणि हॅरॉल्ड ट्रोपर हे दोन इतिहासकार तेव्हा १९३० च्या दशकात कॅनडाने ज्यूंना कसे नाकारले यावर काम करत होते. मे-जून १९३९ मध्ये 'सेंट लुईस' हे जहाज नऊशेवर ज्यू प्रवासी घेऊन क्युबा आणि अमेरिका यांच्या दारातून परत फिरले, कॅनडानेही घेतले नाही. जहाज युरोपला गेले आणि त्यातले अडीचशेवर लोक पुढे नाझींच्या हत्याकांडात मेले. सबंध नाझी काळात कॅनडाने पाच हजार ज्यूही घेतले नव्हते. या संशोधनाचे हस्तलिखित खात्याच्या सचिवांनी ॲटकी यांच्या हाती ठेवले. त्या काळच्या अधिकाऱ्यांना आज इतिहास जसा ओळखतो तसे तुम्हाला ओळखले जायला हवे का, असा त्यामागचा प्रश्न होता. ॲटकी यांनी पुढे स्वतः अनेकदा ही हकीकत सांगितली आहे. तेच संशोधन नंतर 'नन इज टू मेनी' या पुस्तकाच्या रूपाने आले. इतिहासाचे लेख कोण वाचतो असे मला अधूनमधून ऐकवले जाते, तेव्हा मी हे हस्तलिखित आठवतो.

१८ जुलै १९७९ रोजी, जिनिव्हाच्या दोन दिवस आधी, जो क्लार्क यांच्या सरकारने १९८० अखेर पन्नास हजार लोक घेण्याचे जाहीर केले. सूत्र असे की लोक जितके स्पॉन्सर करतील तितकेच सरकार आपल्या खर्चाने आणील. एकास एक. चर्चच्या पायऱ्यांवर, शाळांत, कारखान्यांच्या कँटीनमध्ये पाच-पाच जणांचे गट बनू लागले. हे वाचताना मदिनेतल्या 'मुआखात'ची आठवण न येणे अवघड आहे. मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराला मदिनेच्या एकेका अन्साराचा भाऊ म्हणून जोडून दिले गेले होते. निर्वासितांचा गठ्ठा कुणाच्या अंगावर आला नाही. एका घरासमोर एक माणूस आला, नावागावासकट.

पण कॅनडा काही फरिश्त्यांचा देश नव्हता. जनमत दुभंगलेले होते. ऑगस्टमध्ये एका संघटनेने पानभर जाहिरात दिली की पन्नास हजार आणाल तर त्यांचे नातेवाईक येऊन त्यांचे साडेसात लाख होतील. ही गणिते आपल्याला अनोळखी नाहीत. डिसेंबरमध्ये तर सरकारनेच शब्द फिरवला. लोकांनी ठरल्याहून जास्त कुटुंबे स्पॉन्सर केली होती. सरकार म्हणाले की मग आम्ही आमच्या वाट्यातून तेवढी कमी करतो. चर्चवाले संतापले. आम्ही जादा माणसे यावीत म्हणून पैसे घातले, सरकारचा भार हलका व्हावा म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. पुढे सरकार बदलले आणि एप्रिल १९८० मध्ये नव्या मंत्र्यांनी सरकारी खर्चाच्या दहा हजार जागा वाढवल्या. दोन वर्षांत साठ हजार आले, त्यातले निम्म्याहून अधिक लोकांनी आणलेले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नानसेन पारितोषिक 'कॅनडाची जनता' या नावाने दिले गेले. आणि २०१५-१६ मध्ये सीरियाचे पंचवीस हजार लोक काही महिन्यांत कॅनडात पोचले, तेव्हा हीच पाच जणांची तरतूद पुन्हा वापरली गेली. त्यातले बहुसंख्य मुसलमान होते, ही गोष्ट मी मास्तरांना आवर्जून सांगणार आहे.

आता मास्तरांचे पहिले वाक्य. मुस्लीम देश मुसलमानांना तरी घेतात का?

मलेशियाने ज्या काळात व्हिएतनामींना 'वाटसरू' ठरवले, त्याच काळात कंबोडियातून आलेल्या काही हजार चाम मुसलमानांना कायमचे वसवून घेतले. चाम म्हणजे प्राचीन चंपा राज्याचे वंशज. शैव मंदिरे बांधणारे ते राज्य, त्यातले अनेक पुढे मुसलमान झाले आणि मेकाँगच्या काठाने कंबोडियात पसरले. ख्मेर रूज राजवटीत त्यांच्या मशिदी बंद झाल्या, कुराण जाळले गेले, डुकराचे मांस खायची सक्ती झाली, कत्तली झाल्या. त्यांना आसरा मिळाला याचा आनंदच आहे. त्यांना केलांतानमध्ये वसवले, कामे दिली. फिलिपिन्सच्या दक्षिणेतून आलेल्या हजारो मुसलमानांनाही साबा राज्यात राहू दिले. पण त्याच समुद्रावर, त्याच सरकारने, एका होडीला जमीन दिली आणि दुसरीला दोर बांधला. कलमा कोण वाचतो आणि वंश कोणता, यावर.

आपण भारतीय मुसलमान २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलो, तेव्हा आपला मुद्दा हाच होता की आसरा देताना धर्माची चाळणी लावू नका. तो मुद्दा मी आजही धरून आहे. म्हणूनच चाम लोकांची गोष्ट 'पाहा, मलेशियाने आपल्या भावांना घेतले' अशी सांगितली जाते तेव्हा मला ती तेवढ्यावर सोडता येत नाही. चाळणी आपल्या बाजूला झुकली म्हणून ती चाळणी नाही असे होत नाही.

आणि ती चाळणी आपल्याही कामाला येतेच असे नाही. मे २०१५ मध्ये रोहिंग्यांच्या नावा अंदमान समुद्रात अडकल्या तेव्हा मलेशियाने आधी त्या परतवल्या. कलमा तोच होता. आचेच्या कोळ्यांनी स्वतःच्या होड्यांतून शेकडो लोकांना किनाऱ्यावर आणले, मग २० मे रोजी मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी जाहीर केले की सात हजारांना तात्पुरते ठेवू, पण वर्षभरात जगाने त्यांना पुढे न्यावे. १९७९ चेच सूत्र, जवळपास त्याच शब्दांत. फरक एवढा की या वेळी जिनिव्हा झाले नाही. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी साफ नकार दिला. व्हिएतनामी निर्वासित शीतयुद्धातल्या शत्रूकडून पळून आले होते. त्यांना घेणे म्हणजे त्या शत्रूच्या विरोधात दिलेला कौल होता. रोहिंग्यांना घेऊन कुणाची जिरवता येत नव्हती. सत्तावन्नांपैकी एकानेच 'सगळे आमच्याकडे पाठवा' असे म्हटले. तो होता आफ्रिकेतला चिमुकला गांबिया, ज्याचे स्वतःचे तरुण नावांतून युरोपकडे निघालेले होते. तो प्रस्ताव कुणी मनावर घेतला नाही. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारला नरसंहाराच्या आरोपाखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, ते याच गांबियाने. आज मलेशियात एक लाखाहून अधिक रोहिंग्या संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेले आहेत. त्यांना काम करण्याचा कायदेशीर हक्क नाही. पुढे नेणारे कुणी नाही आणि ठेवून घेतल्याचे कबूल करणारेही कुणी नाही.

बिडोंगची छावणी १९९१ मध्ये बंद झाली. मधल्या काळात मलेशियातून सुमारे अडीच लाख व्हिएतनामी पुढे गेले. १९८९ नंतर पुन्हा परिषद होऊन नियम बदलले, नव्याने येणाऱ्यांची छाननी होऊ लागली, नापास ठरलेल्यांना परत पाठवले गेले. मलेशियातला शेवटचा व्हिएतनामी निर्वासित २००५ मध्ये मायदेशी परतला.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत स्थायिक झालेले, आता केस पिकलेले जुने निर्वासित बिडोंगला परत आले. त्यांनी तिथे एक स्मारकशिला बसवली. तिच्या एका बाजूला समुद्रात मेलेल्यांचे स्मरण होते. दुसऱ्या बाजूला आभार होते. संयुक्त राष्ट्रांचे, रेड क्रॉसचे, मलेशियाच्या रेड क्रेसेंटचे, मलेशियाच्या सरकारचे आणि मलेशियाच्या लोकांचे. हनोईच्या सरकारने हरकत घेतली. तेव्हा दोन्ही देशांचे संबंध चांगले होते, व्यापार वाढत होता. काही महिन्यांतच मलेशियाने ती शिला काढून टाकली.

मास्तरांना मी हे येत्या जुम्म्याला वाचून दाखवणार आहे. ते गांबियावर अडतील असा माझा अंदाज आहे.